कच्च्या लिंबाची शिकार

लपाछपी असो, विषामृत असो की डबा ऐसपैस, गल्लीतल्या खेळात एक तरी 'कच्चा लिंबू' असायचाच. कुणाचा तरी धाकटा भाऊ, सुट्टीला आलेली मामेबहीण, नाहीतर कालच शेजारी राहायला आलेल्या घरातले पोर. ते सगळ्यांबरोबर पळायचे, लपायचे, ओरडायचे. पण बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नसे. हा नियम कुठल्या पुस्तकात लिहिलेला नव्हता. थोरल्या मुलांना तो ठाऊक असायचा आणि कुणी मोडलाच, तर ओट्यावर बसलेली आजी तिथूनच दटावायची. महिना-दीड महिन्यात कच्चा लिंबू खेळ शिकायचा आणि 'आता मी पण पक्का' असे स्वतःच जाहीर करायचा.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्याचे तेरखेडा हे सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. फटाक्यांच्या कारखान्यांमुळे राज्यभर माहीत असलेले. दारूकामात नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी मिश्रणाला हात लावू देणाऱ्याला तिथे कुणी शहाणा म्हणणार नाही. नवख्याला जपायचे असते, ही समज अशा गावाला शिकवावी लागत नाही. पण आज कुठल्याही गावाप्रमाणे तिथल्या कट्ट्यावरही संध्याकाळी चार मुले माना खाली घालून बसलेली दिसतात. ती एकमेकांशी खेळत नसतात. ती फोनच्या आत, शंभर अनोळखी माणसांबरोबर एका बेटावर उतरलेली असतात. तिथे ओटाही नसतो आणि आजीही.

समजा, त्यातला एक चौदा वर्षांचा आहे. थोरल्या भावाचा जुना फोन नुकताच त्याच्या वाट्याला आला आहे. पहिले काही दिवस तो जोरात खेळतो. दर सामन्यात पाच-सात जणांना टिपतो आणि आपल्याला हे जमते आहे, असे त्याला वाटू लागते. त्याला एक गोष्ट ठाऊक नसते. या धर्तीच्या खेळांत नवख्याच्या समोर सुरुवातीला येणाऱ्यांपैकी बरेच जण माणसे नसतातच. संगणकाने चालवलेली ती बाहुली असतात, मुलांच्या भाषेत 'बॉट'. हळूहळू बॉट कमी होतात, माणसे वाढतात, आणि एके दिवशी हा मुलगा जमिनीवर उतरल्या उतरल्या मारला जातो. पुन्हा उतरतो, पुन्हा मारला जातो. मारणारा त्याच्याभोवती नाचून दाखवतो. कानातल्या इअरफोनमधून 'नूब' आणि त्याहून वाईट शिव्या ऐकू येतात. चार जणांच्या स्क्वॉडमध्ये घेतलेच, तर पहिली चूक होताच बाहेर काढले जाते. अंगावर विकत घेतलेले कपडे नाहीत, म्हणजे हा नवखा, हे लांबूनच कळते.

असा मुलगा सरकारी दवाखान्यात येतो तेव्हा 'मला गेममध्ये मारतात' असे कधीच सांगत नाही. बोलते त्याची आई. "डॉक्टरसाहेब, डोकं दुखतंय म्हणतो. जेवत नाही. रात्री जागतो, सकाळी शाळेला उठत नाही. काही बोलायला गेलं की अंगावर येतो." डोळे तपासले जातात, हिमोग्लोबिन बघितले जाते. मग फोनचा विषय निघतो आणि 'दिवसाला किती तास?' हा प्रश्न येतो. मुलगा खोटा आकडा सांगतो, आई खरा सांगते आणि फोन काढून घेण्याचा सल्ला मिळतो. तासांचा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याच्या आधी विचारायला हवा असा एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो: 'कुणाबरोबर खेळतोस?'

जुन्या, कसलेल्या खेळाडूंनी नवख्यांना हेरून मारणे हा प्रकार ऑनलाइन खेळांइतकाच जुना आहे. त्याला 'स्मर्फिंग' हे नाव पडले त्याची हकिकत 1996 च्या सुमाराची सांगतात. 'वॉरक्राफ्ट 2' या खेळात दोन तरबेज खेळाडू इतके माहीत झाले होते, की त्यांचे नाव दिसताच लोक सामना सोडून जात. मग त्यांनी स्मर्फ या कार्टूनमधली नावे घेऊन नवी खाती उघडली, अडाण्याचे सोंग घेतले आणि मग समोरच्याला धुतले. पुढच्याच वर्षी, 1997 मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' हा हजारो जणांनी एकाच वेळी खेळायचा खेळ आला. त्यात जुने खेळाडू वेशीबाहेर दबा धरून बसत आणि नव्याने आलेल्याला मारून त्याचे सामान लुटत. नवे लोक टिकेनात, तेव्हा कंपनीने 2000 मध्ये त्या जगाचे दोन भाग केले: एक मारामारीची मुभा असलेला, दुसरा सुरक्षित. बहुसंख्य लोक सुरक्षित भागात राहायला गेले. शिकारी मात्र नाराज झाले. सावजच उरले नाही, अशी त्यांची तक्रार होती.

आपल्याकडे यात्रेतल्या कुस्त्यांत जोड लावण्याचे काम पंचांचे असते. वय, वजन, अंगलोट, तालमीत किती वर्षे काढली, हे सारे नजरेने जोखून पंच जोड ठरवतात. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आधी उरकतात. कसलेल्या पैलवानाने कोवळ्या पोराला चीत केले, तर मैदानात टाळ्या पडत नाहीत. उलट पंचांनाच लोक बोल लावतात. ऑनलाइन खेळांतही अशी जोड लावणारी यंत्रणा असते. तिचे मूळ बुद्धिबळातल्या गुणांकनात आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्पाद एलो यांची पद्धत 1960 मध्ये अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने आणि 1970 मध्ये फिडेने स्वीकारली. जिंकाल तसा गुणांक चढतो, हराल तसा उतरतो, आणि जवळच्या गुणांकाचे दोघे समोरासमोर येतात. आजच्या खेळांतली गणिते याहून गुंतागुंतीची आहेत, पण कल्पना हीच. स्मर्फ नेमका या काट्यालाच फसवतो. नवे खाते म्हणजे वजनच न केलेला पैलवान. तो लहान गटात उतरतो आणि मुद्दाम चार सामने हरून तिथेच राहतो.

हे करणाऱ्याला त्यात काय मिळते? ब्रिटिश संशोधक रिचर्ड बार्टल यांनी 1996 मध्ये अशा खेळांतल्या माणसांचे चार प्रकार सांगितले: कमावणारे, धुंडाळणारे, गप्पा मारायला येणारे आणि मारेकरी. मारेकऱ्याबद्दल त्यांचे म्हणणे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याला बाहुली मारण्यात रस नसतो. पलीकडे खरे माणूस आहे आणि त्याला त्रास होतो आहे, यातच त्याची गंमत असते. नवखा रडकुंडीला आला की त्याचा दिवस सार्थकी लागला.

पण सगळे छळणारे एका साच्याचे नसतात. 2015 मध्ये मायकेल कासुमोविच आणि जेफ्री कुझनेकॉफ यांनी 'हेलो 3' या खेळातले बोलणे तपासले. एकाच कौशल्याचा खेळाडू कधी पुरुषाच्या, कधी स्त्रीच्या आवाजात बोलतो तेव्हा बाकीचे कसे वागतात, हे त्यांना पाहायचे होते. स्त्रीच्या आवाजावर सर्वाधिक घसरणारे पुरुष हे स्वतः कमी कुवतीचे आणि हरत असलेले होते. तेच पुरुष आपल्याहून सरस पुरुषाशी मात्र नरमाईने बोलत. चांगले खेळणाऱ्यांना असे हीन बोलण्याची गरज कमी वाटत होती. 2014 मध्ये 'लीग ऑफ लेजेंड्स' या खेळाच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की त्रासदायक वागणारे खेळाडू अनेकदा आपल्या मित्रांबरोबर टोळीने खेळत असतात, आणि त्यांच्या वाऱ्याला आलेले नवे खेळाडू खेळ सोडून जातात. जुन्यांवर तोच परिणाम तेवढा होत नाही. शाळेच्या मागच्या बाकावरचे रॅगिंग ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

'गेममध्ये हरला तर हरला, त्यात एवढे काय?' असे वडील म्हणतात. हरण्याने मूल आजारी पडत नाही, हे खरेच आहे. आपल्याहून थोडे सरस असलेल्याकडून हरत हरतच कुणीही शिकतो. गोष्ट वेगळी होते ती एकट्याला पाडून हसले जाते तेव्हा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किप्लिंग विल्यम्स एकदा कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. दोन अनोळखी लोक फिरकीची थाळी एकमेकांकडे टाकत होते. ती विल्यम्स यांच्याकडे आली, त्यांनी परत फेकली, आणि थोडा वेळ तिघांचा खेळ झाला. मग त्या दोघांनी काही न बोलता त्यांच्याकडे थाळी टाकणे बंद केले. त्या किरकोळ गोष्टीने आपल्याला इतके वाईट का वाटावे, या विचारातून त्यांनी पुढे 'सायबरबॉल' हा संगणकावरचा साधा चेंडूफेकीचा खेळ प्रयोगासाठी तयार केला. पडद्यावर तीन आकृत्या, त्यातले एक तुम्ही. थोड्या वेळाने बाकीचे दोघे तुम्हाला चेंडू देईनासे होतात. बस्स, एवढेच.

या खेळाचा एक प्रयोग 2003 मध्ये नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि विल्यम्स यांनी एमआरआय यंत्रात झोपलेल्या माणसांवर केला आणि तो 'सायन्स' या नियतकालिकात आला. वगळले गेल्यावर मेंदूचा जो भाग अधिक सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेच्या त्रासाशीही जोडलेला भाग होता. पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट दिसली. 'समोर माणसे नाहीत, संगणक आहे' असे आधी सांगितले तरीही वगळले गेलेल्यांना वाईट वाटायचे थांबले नाही. मग जिथे समोर खरी माणसे आहेत, ती नाव घेऊन शिव्या देत आहेत आणि वर्गातले दोघे ते ऐकत आहेत, तिथे चौदा वर्षांच्या पोराने 'मनावर घेऊ नये' ही अपेक्षा जरा जास्तच आहे. किशोरवयात बरोबरीच्यांचे मत हेच आरशासारखे असते.

शरीर या अपमानाला धोका समजते. छाती धडधडते, हाताला घाम येतो, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढते. रात्री अकराला असा हरलेला मुलगा अकराला झोपत नाही. 'एकच मॅच, एक जिंकून झोपतो' म्हणतो आणि एक वाजतो. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी डोके जड, भूक मंद, चिडचिड. यातले बरेचसे आईने दवाखान्यात सांगितलेलेच असते. फक्त त्याचे कारण म्हणून फोनच्या प्रकाशाकडे बोट दाखवले जाते.

खेळ टिकायचा तर थोरल्याने धाकट्याला मधूनमधून वर येऊ द्यावे लागते. प्राण्यांनाही हे कळते. मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांनी उंदरांची लुटुपुटीची झटापट वर्षानुवर्षे पाहिली. थोरला उंदीर सतत जिंकू लागला, तर धाकटा त्याला खेळायला बोलावणेच सोडतो, असे त्यांचे निरीक्षण होते. गल्लीतले थोरले मूल कच्च्या लिंबाला सूट देते ते दयेपोटी नव्हे, तर तो रडत घरी गेला की खेळच मोडतो म्हणून. ऑनलाइन ही अडचणच नाही. एक गेला तर पुढच्या मिनिटाला दुसरा उतरतो.

याच्या उलट दाखला देणारेही आहेत. 'ईव्ह ऑनलाइन' हा आइसलँडच्या कंपनीचा अंतराळातला खेळ नवख्यांना लुटण्याबद्दल बदनाम आहे. 2015 मध्ये कंपनीने आपल्या मेळाव्यात सांगितले, की पहिल्या पंधरवड्यात मारले गेलेले नवे खेळाडू न मारले गेलेल्यांपेक्षा जास्त दिवस टिकतात. जुन्या खेळाडूंना आनंदाचे भरते आले: पाहा, आम्ही तर सेवाच करतो! वैद्यकीय आकडेवारी वाचणाऱ्याला मात्र यात जुनीच गोम दिसेल. जो रस्त्यावर जास्त दिवस गाडी चालवतो, त्याला अपघात होण्याची संधीही जास्त मिळते. म्हणून अपघाताने गाडी चालवण्याची आवड वाढते, असे होत नाही. ज्यांना खेळ मुळातच आवडला ते जास्त वेळ खेळले, लांबवर गेले आणि म्हणून मारले गेले. जे पहिल्याच संध्याकाळी कंटाळून गेले, त्यांना मारायला कुणी भेटलेच नाही.

कंपन्यांना हे सगळे कळत नाही, असे समजू नये. ॲक्टिव्हिजन या बड्या अमेरिकी कंपनीला ऑक्टोबर 2017 मध्ये एक पेटंट मिळाले. नवख्याची जोड मुद्दाम अशा कसलेल्या खेळाडूशी लावायची, ज्याच्याकडे विकत घेतलेले भारी हत्यार आहे. म्हणजे मार खाल्ल्यावर नवख्यालाही ते विकत घ्यावेसे वाटेल, अशी त्यातली एक कल्पना होती. ती कुठल्याही खेळात वापरलेली नाही, असे कंपनीने तेव्हा सांगितले. त्याच कंपनीने 2024 मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी'मधल्या एका चाचणीची माहिती दिली. जोड लावताना कौशल्याला दिलेले वजन कमी करून पाहिले, तर 90 टक्के खेळाडूंचे खेळात परत येण्याचे प्रमाण घटले. वाढले ते फक्त वरच्या 10 टक्क्यांचे. पंच बाजूला झाले की मैदान कुणाला आवडते, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगायचे?

मार खाणारा मुलगा खेळ सोडतोच असे नाही. वर्गातले सगळे तिथेच असतात, तो जाणार कुठे? मग तो अपमानावर औषध शोधतो आणि ते दुकानात मिळते: डायमंड, यूसी, नवा पोशाख, बंदुकीचे चकचकीत आवरण. वडिलांच्या फोनवरून यूपीआयने आधी पन्नास, मग दोनशे. इथेच दुसरी शिकार होते. 'तुझा आयडी-पासवर्ड दे, दोन दिवसांत रँक चढवून देतो' असे म्हणणारा दादा भेटतो. दोन दिवसांनी आयडीही जातो आणि दादाही. पैसे गेले हे घरी सांगता येत नाही, कारण ते घेतले हेच सांगितलेले नसते. अशा मुलाच्या पोटदुखीवर कितीही गोळ्या दिल्या तरी उतार पडत नाही. अनोळखी 'दादा' खेळ सोडून खासगी गप्पांकडे, फोटो मागण्याकडे वळला, तर मामला खेळाचा राहत नाही; तो पोलिसांचा असतो.

मोठ्या माणसांच्या खेळात हीच गोष्ट पैशाच्या टेबलावर घडली. गौरी-गणपतीच्या जागरणाला घरोघर रमीचा डाव मांडला जातो. पैज चिंचोक्यांची, फार तर रुपया-दोन रुपयांची. नव्या सुनेला पाने लावायला सासूच शिकवते. पट्टीचे खेळणारे मामा कोण, हे सगळ्यांना ठाऊक असते. तीच रमी फोनवर आली तेव्हा समोरच्या पाच नावांमागे कोण बसले आहे, हे कळायचा मार्गच राहिला नाही. कदाचित तुमच्यासारखाच हौशी असेल, कदाचित दिवसाचे दहा तास हेच करणारा पट्टीचा असेल, कदाचित तिघे जण फोनवर एकमेकांना पाने सांगत असतील. पोकर खेळणाऱ्यांनी तर यासाठी शब्दच रूढ केले आहेत: नवखा तो 'फिश', म्हणजे मासा; आणि त्याला गिळणारा 'शार्क'.

या धंद्याचा कायदेशीर पाया एका जुन्या निकालावर उभा होता. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये आंध्र प्रदेशच्या एका खटल्यात म्हटले होते. जाहिरातींनी 'कौशल्याचा खेळ' हे शब्द असे वापरले, की ऐकणाऱ्याला वाटावे, म्हणजे यात धोका नाही. खरे तर अर्थ उलटा आहे. खेळ कौशल्याचा असेल, तर कौशल्य नसलेला हरणार, हे त्यातच आले. लॉटरीत निदान नवखा आणि जुना सारखेच दुर्दैवी असतात.

मग नवख्याला हे लगेच का कळत नाही? नेदरलँड्सच्या संशोधकांनी ऑनलाइन पोकरच्या वर्षभराच्या नोंदी तपासल्या आणि 2015 मध्ये निष्कर्ष मांडले. आधीच्या सहा महिन्यांत वरच्या दहा टक्क्यांत असलेला खेळाडू पुढच्या सहा महिन्यांतही तिथेच असण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक होती. पण कौशल्याचा वरचष्मा नशिबावर ठळकपणे दिसायला सुमारे 1,500 डाव जावे लागतात. तोवर मासाही मधूनमधून जिंकत असतो. रमी वेगळी आणि पोकर वेगळा, पण फसगतीची जात एकच. अधूनमधून, अवचित मिळणारे बक्षीस मेंदूला रोजच्या ठरलेल्या बक्षिसापेक्षा जास्त धरून ठेवते. 2009 मध्ये केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: 'थोडक्यात हुकले' अशा हरण्यातही मेंदूतली जिंकण्याची यंत्रणा जागी होते आणि पुन्हा खेळावेसे वाटते. एका पानासाठी डाव गेला की माणूस उठत नाही, तो याचमुळे.

याची किंमत लहान नव्हती. ऑनलाइन पैशाच्या खेळांची झळ 45 कोटी लोकांना बसली आणि त्यांचे 20 हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाले, असा केंद्र सरकारचा अंदाज आहे. कर्जापायी जीव गेल्याच्या बातम्या मराठवाड्यातूनही आल्या. अखेर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. 22 ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि कौशल्य की नशीब हा वाद बाजूला ठेवून पैसे लावून खेळायचे सगळेच ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी आली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. हे वाक्य घरोघर पोहोचायला हवे, कारण पैसे घालवलेला माणूस गप्प बसतो तो बायकोच्या भीतीने आणि त्याहून जास्त पोलिसांच्या. परदेशातून चालणाऱ्या बेकायदा ॲपच्या लिंक अजून फिरतातच. तिथे लुटले गेले तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आता पुन्हा त्या चौदा वर्षांच्या मुलाकडे. त्याला गेमिंगचा आजार आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या यादीत, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. पण त्याचे निकष कडक आहेत: खेळण्यावर ताबा उरलेला नाही, बाकीच्या सगळ्या गोष्टी मागे पडल्या आहेत, नुकसान दिसत असूनही खेळणे वाढतेच आहे, आणि हे साधारण वर्षभर चालले आहे. बहुतेक मुले या व्याख्येत बसत नाहीत. मार खाऊन रात्री जागणारा प्रत्येक मुलगा व्यसनी ठरवला, तर त्याचे खरे दुखणे बाजूलाच राहते. फोन हिसकावून घेतला की त्याला दोनदा शिक्षा होते: आत मार खाल्ला म्हणून आणि बाहेर तो सांगितला म्हणून. पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

त्याऐवजी एका संध्याकाळी वडिलांनी किंवा काकांनी त्याच्या शेजारी बसून दोन सामने नुसते पाहावेत. काही कळले नाही तरी चालेल. कोण बोलते आहे, काय बोलते आहे, हे कानावर पडेल. मग 'कुणाबरोबर खेळतोस?' हा प्रश्न सहज विचारता येतो. पुष्कळदा उत्तर 'माहीत नाही' असेच असते, आणि ते मुलाच्या तोंडून निघाले की बोलणे सुरू होते. अनोळखी लोकांचा आवाज सेटिंगमध्ये बंद करता येतो. छळणाऱ्याला ब्लॉक आणि रिपोर्ट करता येते. मुलांना ते पळपुटेपणाचे वाटते, ते तसे नाही हे मोठ्यांनी सांगावे. चार जण लागतातच, तर चुलतभाऊ, वर्गातला मित्र, शेजारचा असे ओळखीचे चार जण घ्यावेत. पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही, आणि पैसे गेले असतील तर ओरडा बसणार नाही, हा शब्द आधी द्यावा आणि पाळावा. फोन रात्री दहाला आई-वडिलांच्या खोलीत चार्जिंगला लागला, वडिलांचाही, तर झोपेचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

शाळा सुटू लागली, जेवण-झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडली, मूल घरातल्यांशीही बोलेनासे झाले, तर वाट पाहू नये. 'जगून काय उपयोग' असे काही त्याच्या तोंडी आले, तर एक दिवसही थांबू नये आणि त्याला एकटे सोडू नये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात अशी तपासणी होते. टेलि-मानस हा 14416 क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. पैशाच्या डावात अडकलेल्या मोठ्या माणसांसाठीही तोच क्रमांक आहे.

शिकार करणारा मात्र दवाखान्यात येत नाही. तो तक्रारच करत नाही, तर येईल कशाला? पण तोही कुणाच्या तरी घरातला असतो. एकोणीस-वीस वर्षांचा, बारावीनंतर दोन भरत्यांत नाकारला गेलेला, दिवसा कुणी हिशेबात न धरणारा, आणि रात्री फोनवर मात्र ज्याच्या नावाने पोरे थरथरतात असा. घरात असा थोरला असेल, तर त्याला रागावून फारसे हाती लागत नाही. धाकट्या चुलतभावाला महिनाभर खेळ शिकवण्याचे काम त्याच्या अंगावर टाकून पाहावे. त्याच्या इतके ते काम चांगले करणारा गावात दुसरा कुणी नसतो, आणि हे त्याला कुणीतरी बऱ्याच दिवसांत सांगितलेले नसते.